अश्रुधूर : रणांगणावर बंदी, रस्त्यावर परवानगी

‘जमाव पांगवण्यासाठी पोलिसांनी अश्रुधुराच्या नळकांड्या फोडल्या’ ही बातमी आपण नेहमी वाचतो. हाच धूर युद्धात शत्रूसैन्यावर सोडला, तर तो आंतरराष्ट्रीय कराराचा भंग ठरतो. असे का?

आधी एक गैरसमज दूर करू. अश्रुधूर हा खरे तर वायू नाही. आज सर्वत्र वापरली जाणारी ‘सीएस’ ही पांढरी पूड आहे. १९२८ मध्ये ती बनवणाऱ्या कॉर्सन आणि स्टॉटन या अमेरिकी रसायनतज्ज्ञांच्या आडनावांची ही आद्याक्षरे. हे कण डोळे, नाक आणि घशातील वेदना जाणवणाऱ्या चेतातंतूंना चेतवतात. मोकळ्या हवेत गेल्यावर बहुतेकांना थोड्या वेळात आराम पडतो. दमेकऱ्यांना मात्र जोराचा झटका येऊ शकतो आणि बंद खोलीत धोका वाढतो.

पहिल्या महायुद्धात आधी अश्रुकारक रसायने आली, मग १९१५ मध्ये क्लोरीन. समोरून आलेला धूर कोणता, हे खंदकातला सैनिक ओळखणार कसा? तो विषारी समजूनच उत्तर देणार. म्हणून १९२५ च्या जिनिव्हा करारात युद्धात विषारी वायू वापरण्यावर बंदी आली. अश्रुधूर त्यात मोडतो का, यावर मात्र वाद राहिला.

ऑगस्ट १९६९ मध्ये उत्तर आयर्लंडमधील डेरी शहराच्या बॉगसाइड वस्तीत पोलिसांनी सीएसच्या हजारावर नळकांड्या डागल्या. घरांत लहान मुले होती, म्हातारी माणसे होती. ब्रिटिश सरकारने चौकशी सोपवली सर हॅरोल्ड हिम्सवर्थ यांच्याकडे. मधुमेहाचे दोन प्रकार वेगळे ओळखणारे हेच ते वैद्य. त्यांच्या समितीने वैद्याला शोभेल अशी कसोटी सुचवली : अशा रसायनाची पारख शस्त्रासारखी नव्हे, तर औषधासारखी करा. म्हणजे मात्रा, दुष्परिणाम आणि दुबळ्या शरीरावरचा परिणाम, सगळे आधी तपासा.

१९९३ च्या रासायनिक शस्त्रबंदी कराराने जुना वाद मिटवला. युद्धात अश्रुधूर वर्ज्य, देशांतर्गत दंगल आवरण्यासाठी मुभा. भारताने या करारासाठी २००० मध्ये कायदा केला. पोलिसांच्या वापरावर मर्यादा घालण्याचे काम त्या त्या देशाच्या किंवा राज्याच्या कायद्यावर राहिले. २०२० मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्याने दंगल जाहीर झाल्याशिवाय आणि लोकांना आधी इशारा दिल्याशिवाय अश्रुधूर वापरता येणार नाही, असा कायदा केला.

सैनिकाजवळ मुखवटा असतो. वस्तीतल्या तान्ह्या बाळाजवळ नसतो. हिम्सवर्थ यांची कसोटी म्हणूनच आजही लागू आहे, असे मला वाटते.

आणि तुम्ही कधी अशा धुरात सापडलात तर : वाऱ्याच्या उलट दिशेने, मोकळ्या आणि उंच जागी जा. डोळे चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स काढा. डोळे भरपूर साध्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटे धुवा आणि कपडे बदला. धाप लागत असेल किंवा दिसणे धूसर राहिले, तर लगेच डॉक्टरांकडे जा.