दात, विटाळ आणि गुणपत्रिका

गुणवत्ता हा शब्द आपल्याकडे फार सोवळा करून ठेवला आहे. त्याला कोणी हात लावू नये, तो कोठून आला हे विचारू नये, त्याचे माप कोणी ठरवले हे तर मुळीच विचारू नये, अशी एकंदर व्यवस्था आहे. सणसवाडीत आमच्या वस्तीतली बारावी झालेली मुले दरवर्षी जूनमध्ये मला एकच प्रश्न विचारतात : "सर, एवढ्या मार्कांवर डेंटलला लागेल का?" मी विज्ञान शिकवण्यात उभे आयुष्य घालवले, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. गेल्या वर्षीची यादी पाहून उत्तर देणे सोपे असते. परंतु त्या आकड्यामागे दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो मुलांच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. तो येथे मांडावा असे वाटते.

दंतवैद्यक हा व्यवसायच मुळी विलक्षण आहे. दुसऱ्याच्या तोंडात बोटे घालायची, त्याची लाळ, त्याचे रक्त हाताळायचे. ज्या समाजाने उष्टे या कल्पनेवर आपला सगळा धर्म उभा केला, त्या समाजात हे काम कोणी करायचे? पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याची थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून त्याला गळ्यात मडके बांधून हिंडावे लागे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि करू न दिलेल्या भाषणात नमूद केले आहे. ते पुणे आमच्या गावापासून एकाच रस्त्यावर, अवघ्या तीसेक किलोमीटरवर आहे. १ जानेवारी १८१८ ची लढाई जेथे झाली ते कोरेगाव तर आमच्या शेजारचे. म्हणजे ज्यांच्या थुंकीसाठी मडके होते, त्यांचीच नातवंडे-पणतवंडे आज दुसऱ्याच्या तोंडात आरसा घालून पाहण्याचा अधिकार मागत आहेत. या मागणीतला हा उलटा प्रवास ध्यानात घेतला नाही तर गुणांचा सगळा वाद निव्वळ अंकगणित होऊन बसतो.

वैद्यकाचा आणि विटाळाचा संबंध केवळ पेशवाईपुरता नव्हता. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १९२९ साली 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झाले आणि बाबासाहेबांनी ते आपल्या आठवणींत उद्धृत केले. त्याची बाळंतीण बायको तापाने फणफणली होती. डॉक्टर आला, पण त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत डॉक्टरकडे गेला. बाई वाचली नाही. त्या डॉक्टरापाशी पदवी होती, म्हणजे तो परीक्षा उत्तीर्ण झालेला गुणवान माणूस होता! रोग्याला हात न लावणाऱ्याला किती गुण द्यावेत, याची तरतूद कोणत्याही विद्यापीठाच्या परीक्षेत तेव्हा नव्हती आणि आजही नाही.

शास्त्रशुद्ध दंतवैद्यक आपल्याकडे तसे अलीकडचे. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे आणि सरकारी दंत महाविद्यालय १९४५ चे. दंतवैद्यांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा १९४८ साली झाला. तोवर गावचा माणूस बाजारात दात काढणाऱ्यापुढे बसायचा, नाहीतर लवंग दाबून धरायचा. आमच्या भागातल्या बायका मिश्री लावून दातांचे दुखणे दडपत असत, अजूनही दडपतात. एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हा व्यवसाय कोणाच्या बापजाद्यांचा नव्हता. पौरोहित्यासारखे त्याचे वतन नव्हते. नव्याने जन्मलेला व्यवसाय सर्वांना सारखा खुला असायला हवा होता. दारावर मात्र गुणपत्रिका उभी केली गेली, आणि गुणपत्रिका मिळवण्याची जागा म्हणजे शाळा, ती काही सर्वांची नव्हती.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने त्याची बाजू तत्त्वतः न्याय्य मानली आणि तरीही प्रवेश दिला नाही. कारण त्या एकासाठी बाकीचे सारे शाळा सोडून जातील! या मुलाला किती गुण पडले असते हे कोणालाही सांगता येणार नाही. पुढे १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी सरकारच्याच अहवालातले आकडे मांडले. दर दोन लाख लोकसंख्येमागे महाविद्यालयात शिकणारे पुढारलेल्या हिंदूंत १०००, मुसलमानांत ५२, मधल्या जातींत १४ आणि मागासलेल्या वर्गात जवळजवळ एकही नाही. शर्यतीची भाषा करणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत. एकाच्या घरात हजार माणसे धावपट्टीवर उभी आणि दुसऱ्याच्या घरात धावपट्टी पाहिलेला माणूस नाही.

आता खुद्द बाबासाहेबांचेच गुण पाहू. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. हे ३८ टक्केही भरत नाहीत. दंत अभ्यासक्रमासाठी बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात खुल्या वर्गाला ५० टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के अशी किमान अट आपण अलीकडच्या काळात पाळत आलो. ज्या माणसाने पुढे कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतल्या, देशाची घटना लिहिली, तो या हिशेबाने राखीव जागेच्या दारातूनही परत गेला असता. अर्थात त्या वेळची मॅट्रिक आणि आजची बारावी यांची सरळ तुलना करता येत नाही. तेव्हा मॅट्रिक पास होणे हीच मोठी गोष्ट होती आणि टक्क्यांचा असा महापूर आलेला नव्हता. पण नेमके हेच तर मला म्हणायचे आहे. गुण ही काळानुसार बदलणारी, माणसांनी ठरवलेली वस्तू आहे. ती काही रक्तातली साखर नव्हे.

१०+२+३ चा आकृतिबंध येण्यापूर्वी मॅट्रिकनंतर महाविद्यालयात जाऊन इंटर सायन्सच्या पातळीचे गुण मिळवावे लागत आणि त्यावर वैद्यकीय-दंत प्रवेश ठरत. म्हणजे खेड्यातल्या पोराने आधी शहरात राहायची सोय करायची, इंग्रजीतून पदार्थविज्ञान समजून घ्यायचे, आणि मग बी ग्रुपच्या मुलांशी टक्कर द्यायची. माझ्या पिढीतले कितीतरी जण या पहिल्या वर्षातच गळाले. बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. 'बेंझिन' आणि 'बेंझाइन' यांतला फरक विचारायला वर्गात हात वर करण्याची छाती झाली नाही म्हणून. मी ज्या महाविद्यालयात होतो तेथे फ्रीशिपवाल्यांची नावे भर वर्गात मोठ्याने वाचली जात आणि मागच्या बाकांवरून "सरकारचे जावई" अशी कुजबुज येई. मिलिंद आणि सिद्धार्थ महाविद्यालयांचे मोल येथे कळते. कोठेच प्रवेश न मिळणाऱ्याला आधी आत घ्यायचे आणि मग घडवायचे, ही त्यांची रीत होती.

कायद्याच्या आघाडीवरही पहिला झगडा वैद्यकीय प्रवेशावरूनच झाला. मद्रास प्रांतातली जातवार जागावाटपाची पद्धत चंपकम दोराईराजन खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. गंमत अशी की या अर्जदार बाईंनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशासाठी प्रत्यक्ष अर्जच केलेला नव्हता. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आले. राखीव जागांना घटनेत पक्का पाया मिळाला तो असा, एका महाविद्यालयाच्या दारात. तीस वर्षांनी, १९८१ साली, अहमदाबादच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून पदव्युत्तर राखीव जागांविरुद्ध जे आंदोलन पेटले त्याने गुजरातेतल्या दलित वस्त्या होरपळून काढल्या. मूठभर जागांसाठी एवढा वणवा! तेव्हाही घोषणा गुणवत्तेचीच होती.

आणि मग १९८३-८४ च्या सुमारास महाराष्ट्रात विनाअनुदान महाविद्यालये आली. देणगी द्या आणि डॉक्टर व्हा. १९८७ साली देणगीबंदीचा कायदा करावा लागला, यावरूनच धंद्याचा आवाका समजावा. कमी गुणांचा पण भरल्या खिशाचा मुलगा रोग्याच्या जबड्याशी खेळणार म्हणून कोणी रस्त्यावर आल्याचे मला आठवत नाही. गुणवत्तेचे सोवळे नोटांना कधी बाटत नाही. पुण्यात दंत महाविद्यालये आली तीही या खाजगी लाटेत. तोवर आमच्या तालुक्यातल्या मुलाला मुंबई किंवा नागपूर, आणि १९८२ नंतर औरंगाबाद, एवढीच सरकारी दारे होती.

माप मात्र बदलत राहिले. बारावीचे गुण जाऊन १९९९ पासून राज्याची सीईटी आली. २०१३ साली नीट आली, गेली, आणि २०१६ पासून पुन्हा आली. बारावीच्या गुणांत गैरप्रकार होत, हे मी नाकारत नाही. प्रात्यक्षिकाचे गुण कसे दिले जात हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. पण नव्या मापाची किंमत कोणी मोजली? तामिळनाडूतल्या अरियलूर जिल्ह्यातली अनिता ही मजुराची दलित मुलगी बारावीला १२०० पैकी ११७६ गुण मिळवते. जुन्या मापाने ती गुणवंत. नीटमध्ये तिला ७२० पैकी ८६ पडतात. नव्या मापाने ती नालायक. मुलगी तीच, वर्षही तेच. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १ सप्टेंबर २०१७ रोजी तिने जीव दिला. मधल्या फरकाचे नाव शिकवणी वर्ग. लातूर नाहीतर कोटा गाठायला जो पैसा लागतो तो रांजणगाव-सणसवाडीच्या कारखान्यांतल्या कंत्राटी मजुराच्या पगारात बसत नाही.

हे माप किती पवित्र आहे हे दंत प्रवेशांनीच दाखवून दिले. २०२०-२१ साली देशात बीडीएसच्या सुमारे ७००० जागा रिकाम्या राहिल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नीटची पात्रता-रेषा १० पर्सेंटाइलने खाली आणली आणि रिकाम्या जागांतल्या जेमतेम २६५ सरकारी महाविद्यालयांतल्या होत्या, बाकी खाजगी, हेही नोंदवले. फी कमी करण्याचा विचार करा, असेही सांगितले. २०२३ साली तर वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाची रेषा सर्वांसाठी शून्यावर आणली गेली. म्हणजे आमच्या मुलासाठी दहा गुण खाली आलो तर देश बुडतो आणि फीच्या जागा भरायच्या असल्या की शून्यही चालते. जानेवारी २०२२ च्या निकालात याच न्यायालयाने, परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे, तिच्याकडे सामाजिक संदर्भात पाहावे लागेल, असे म्हटले. हे म्हणायला घटनेला बहात्तर वर्षे व्हावी लागली.

थोडे आपल्या माणसांविषयीही. आपण जयंतीच्या मांडवात गुणवंतांचे सत्कार करतो. नव्वदच्या वरच्यांना शाल, फोटो. साठवाला पोरगा मागे खुर्च्या मांडत असतो. शत्रूची फूटपट्टी आपणच इतक्या भक्तिभावाने धरावी, हे मला पटत नाही. तो साठवाला सकाळी कंपनीत पहिली पाळी करून परीक्षेला बसलेला असतो.

म्हणून "एवढ्या मार्कांवर लागेल का?" याला मी तीन पायऱ्यांनी उत्तर देतो. आधी किमान पात्रता. मग आपल्या प्रवर्गाच्या यादीत शेवटच्या मुलाला किती गुण होते ते, कारण स्पर्धा ज्ञानाशी नसते, जागांच्या संख्येशी असते. तिसरी पायरी कागदाची, आणि तेथे फार पोरे पडतात. जात वैधता प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. सर्वांत पक्का पुरावा कोणता, तर आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरची जातीची नोंद. ज्या पणजोबाला शाळेच्या ओसरीवरही येऊ दिले नाही, त्याचा शाळेचा दाखला! मग लोक कोतवाल बुकाची नक्कल काढायला शिरूरच्या तहसील कचेरीत खेटे घालतात. जीर्ण पानावर, कोणा कारकुनाच्या मोडी अक्षरात पणजोबाच्या नावापुढे जात लिहिलेली असते. ती वाचून देणारा माणूस शोधावा लागतो, आणि प्रवेशाची मुदत तोवर थांबत नाही. यंदाच्या मुलांना मी नीटच्या निकालाची वाट न पाहता अकरावीतच ही नक्कल काढायला सांगितले आहे.