पैनगंगेपलीकडचे मत

पूर्णा जंक्शनावरून हिंगोलीकडे गाडी जाते. हिंगोली मागे पडली की थोड्याच वेळात पैनगंगेची हद्द आणि पलीकडे वऱ्हाड. १९२३ साली ही नदी ओलांडणारा माणूस एका वेगळ्याच दुनियेत पाऊल टाकीत असे. तिकडे निवडणूक होती, इकडे नव्हती.

१९१९ च्या कायद्याने दिल्लीत केंद्रीय विधानसभा आली. १९२० च्या पहिल्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार घातला. १९२३ मध्ये मात्र चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंचा स्वराज्य पक्ष रिंगणात उतरला. पुण्याचे न. चिं. केळकर दिल्लीच्या सभेत गेले. मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात या पक्षाला बहुमत हुकले, पण नागपूरला, मध्य प्रांताच्या कौन्सिलात, ते निर्विवाद मिळाले. अर्थात मत होते कोणाला? शेतसारा किंवा प्राप्तिकर ठरावीक रकमेहून जास्त भरणाऱ्याला. शिवाय मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे. मतदार म्हणून माणसाची ओळख आधी सातबारा आणि धर्म यांवरून, हे मला आजही खटकते.

खरी गंमत वऱ्हाडची. १९०२ च्या करारानंतरही तो मुलूख कागदोपत्री निजामाचाच, फक्त इंग्रजांकडे कायमच्या भाडेपट्ट्याने दिलेला. म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानात तो बसत नव्हता. मग तिथला माणूस दिल्लीला निवडून कसा पाठवायचा? सरकारने तोड काढली. आधी मतदान घ्यायचे आणि जो जिंकेल त्याची सरकारने 'नेमणूक' करायची! यवतमाळचे वकील बापूजी अणे १९२४ पासून याच वाटेने सभेत बसत होते.

आता बघा, राजा एकच, भाषा एकच. वऱ्हाडातल्या सधन कास्तकाराला आडवाटेने का होईना मत मिळाले. आमच्या परभणी जिल्ह्यात मात्र सावकार असो की सालगडी, कोणालाच नाही. आमच्याकडे ही एक समता होती, असे म्हणावे काय?

ती कोंडी फुटली १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर. १९५२ च्या पहिल्या लोकसभेला परभणीने काँग्रेसला बाजूला सारून शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे निवडून दिले. त्या वेळी उमेदवारागणिक वेगळी पेटी असे, तिच्यावर चिन्ह. आमचे आजोबा उर्दू वाचत, मराठी अक्षर त्यांना येत नव्हते. चिन्ह पाहून त्यांनी चिठ्ठी टाकली. कोणत्या पेटीत, ते दादीलाही सांगितले नाही. बोटावरची शाई मात्र गल्लीभर दाखवत फिरले.