घट्ट मोज्याची कूळकथा

दिवसभर फळ्यापुढे उभे राहून गुरुजी घरी येतात. वहाणा काढाव्यात, तो पावलांवर पट्ट्यांचे वळ उमटलेले आणि पाय शिशासारखे जड. कुणाच्या पोटरीवर निळ्या शिरा दोरीसारख्या वर येतात. अशा पायाला डॉक्टर पुष्कळदा घट्ट मोजा घालायला सांगतात. मग मनात येतं, सुजलेला पाय आणखी आवळायचा? या शंकेचं उत्तर इतिहासात आहे.

पट्टी बांधण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेत बंधांचे १४ प्रकार दिले असून, शरीराचा भाग पाहून बंध गाढ, सम की शिथिल ते ठरवावे, असे सांगितले आहे. इंग्लंडात रिचर्ड वाइझमन या राजवैद्याने १६७६ साली, पायाच्या व्रणासाठी बंदांनी आवळायच्या चामडी मोज्याचे वर्णन केले.

पण शिरा फुगतात कशाने? हृदयातून रक्त पायाकडे येते, त्याला परत जायचे तर चढण चढावी लागते. म्हणून शिरांत छोट्या झडपा असतात. पादुआच्या फाब्रिसियसने १६०३ साली त्यांचे वर्णन छापले; त्यांचे काम मात्र त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ साली उलगडले. झडपा रक्ताला हृदयाकडे जाऊ देतात, मागे फिरू देत नाहीत. चालताना पोटरीचे स्नायू पंपासारखे रक्त वर ढकलतात. माणूस नुसता उभा राहिला की पंप थंडावतो. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली तुंबते.

हार्वेने दंडाला पट्टी बांधून दाखवले, की पट्टीच्या खालच्या शिरा फुगतात. म्हणजे वर आवळले तर खाली तुंबारा! मग दाब द्यायचा कुठे?

हे कोडे सोडवले एका रुग्णानेच. जर्मनीत जन्मलेले, अमेरिकेत टोलेडो गावी राहणारे इंजिनिअर कॉनरॅड जोब्स्ट यांना शिरांचा विकार होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की त्यांना आराम वाटे. विहिरीत बुडी मारणाऱ्याला ठाऊक असते, खोल जावे तसा पाण्याचा दाब वाढतो. तोच दाब त्यांनी १९५० च्या सुमारास मोज्यात आणला: घोट्याशी जास्त, वर कमी कमी होत जाणारा.

म्हणून गुडघ्याखाली नाडा करकचून बांधणे हा उपाय नव्हे. मोजा मापाचा हवा, सकाळी सूज चढण्याआधी घालावा, वरची कड दुमडू नये. तो झडपा दुरुस्त करीत नाही. घातला तोवर साथ देतो. पायाला रक्तपुरवठाच कमी असेल, तर हाच मोजा अपाय करतो. मधुमेह्यांनी तर विचारल्यावाचून घालूच नये. आणि एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर मोजा शोधत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.