भारतनेट

भारतातील ग्रामपंचायती प्रकाशीय तंतूंच्या केबलने जोडून ग्रामीण भागात ब्रॉडबँड सेवा पोहोचविण्याची केंद्र शासनाची योजना. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला राष्ट्रीय प्रकाशीय तंतू जाल या नावाने मंजुरी दिली. भारतनेट हे नाव पुढे रूढ झाले.

दूरसंचार खेड्यापर्यंत नेण्याचा खर्च खाजगी उद्योग आपणहून सोसणार नाहीत, ही जाणीव जुनीच. सी-डॉट या शासकीय संस्थेने (स्थापना १९८४) वातानुकूलनाविना चालणारे छोटे ग्रामीण दूरध्वनी केंद्र विकसित केले व त्यांपैकी पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसविले. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरील आकारणीतून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी उभारण्यात आला. भारतनेटचा खर्च मुख्यत्वे या निधीतून झाला.

मूळ आराखडा काटकसरीचा होता. तालुक्याच्या ठिकाणापर्यंत सार्वजनिक उपक्रमांची केबल बव्हंशी आधीच होती; तेथून पुढे उणा असलेला भाग तेवढा नव्याने घालून सु. अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रत्येकी १०० मेगाबिट प्रतिसेकंद क्षमता द्यावयाची होती. अंदाजित खर्च सु. २०,००० कोटी रु. व मुदत दोन वर्षे. ही मुदत मुळीच पाळली गेली नाही, सु. एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाला. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रासह काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतले. महाराष्ट्रातील प्रकल्प महानेट या नावाने ओळखला जातो.

विलंबापेक्षा गंभीर उणीव त्या काटकसरीतच होती. केबल बहुधा एकरेषी घातलेली असल्याने रस्तारुंदीकरणात वा नळयोजनेच्या खोदकामात ती एके ठिकाणी तुटली, की पुढील सर्व गावांची सेवा बंद पडे. वीज नसली, की पंचायतीच्या कार्यालयातील यंत्रसामग्री निरुपयोगी ठरे. शिवाय कार्यालयापासून शाळा, दवाखाना वा घरापर्यंतची जोडणी कोणी द्यावी, हा प्रश्न दीर्घकाळ लोंबकळत राहिला. परिणामी जोडलेल्या ग्रामपंचायतींची संख्या आणि सेवा प्रत्यक्ष वापरणाऱ्यांची संख्या यांत मोठी तफावत पडली. शासकीय अहवालांचा भर मात्र पहिल्या संख्येवर असे. सोळा राज्यांत खाजगी भागीदारीने काम करण्याची २०२१ मध्ये मंजूर झालेली योजनाही प्रत्यक्षात उतरली नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रु. खर्चाचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात केबलची वलयाकार रचना, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसरीकडून सेवा चालू राहील अशी मांडणी, स्वीकारण्यात आली असून उभारणीनंतर दहा वर्षांची देखभाल कंत्राटातच अंतर्भूत केली आहे.