अर्जातील पहिली ओळ

नोकरीचा वा शिष्यवृत्तीचा अर्ज लिहिताना उमेदवाराची लेखणी पहिल्याच ओळीशी अडखळते. आपण कोण म्हणून लिहावे? आपल्या किनारपट्टीच्या इतिहासात या एका प्रश्नापोटी एका समाजाने आपले नावच बदलले. ती हकीकत तरुणांनी जाणून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

१७४० मध्ये चौल व कोर्लई पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली. उरणजवळचे करंजा १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांकडे राहिले. राज्ये बदलली, तरी मुंबई-ठाणे परिसरातील स्थानिक कॅथलिकांना चिकटलेले ‘पोर्तुगीज ख्रिस्ती’ हे नाव सुटले नाही. पुढे १८५३ मध्ये रेल्वे आली, १८५७ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले आणि मुंबईत कारकुनीच्या जागा वाढल्या. त्यांसाठी गोवा व मंगळूरहूनही कॅथलिक तरुण येऊ लागले. गोवेकर तर खरोखरीच पोर्तुगीज प्रजा होते. डिसोझा, परेरा, फर्नांडिस ही आडनावे मात्र सर्वांची सारखीच! अर्ज वाचणाऱ्या साहेबाला भेद कळावा कसा?

अखेर राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, २६ मे १८८७ रोजी, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली. आम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे जुने सेवक, हा दावा त्या नावातच होता. दैवयोग असा की, ती कंपनी १८७४ मध्येच विसर्जित झाली होती. ज्या धन्याच्या सेवेची ग्वाही द्यायची, तो धनी उरलाच नव्हता.

त्या पूर्वजांना आम्ही दोष देत नाही. पोटापाण्याचा प्रश्न होता. मात्र, याच किनाऱ्यावर कोर्लईच्या ख्रिस्तजनांनी कोणत्याही कचेरीने न मागितलेली एक गोष्ट घराघरांतून जपली. ती म्हणजे पोर्तुगीज व मराठी यांच्या सहवासात वाढलेली त्यांची ‘नोलिंग’, अर्थात ‘आमची भाषा’. १९९६ मध्ये क्लॅन्सी क्लेमेंट्स या अभ्यासकाने तिच्यावर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि जगातील भाषातज्ज्ञ तिची दखल घेतात.

म्हणून अर्ज लिहिणाऱ्या मुलामुलींना आमचे एवढेच सांगणे : नमुन्यातला मायना खुशाल घ्या, ओळख मात्र उसनी घेऊ नका. काय येते, काय केले, पुढे काय शिकायचे आहे, हे स्वतःच्या शब्दांत मांडा. आणि ‘अवगत भाषा’ या रकान्यात मराठी व इंग्रजीच्या शेजारी, येत असेल तर, कोर्लईची भाषाही निःसंकोच लिहा.