एका राक्षसाची आई

शाळेत एखादे शिक्षक रजेवर असले की त्यांचा रिकामा तास बहुधा माझ्या वाट्याला येतो. त्यातून बाहेर पावसाची झड लागलेली असली म्हणजे मग विचारूच नका! वर्गात पाऊल टाकताच मागच्या बाकावरून फर्मान सुटते, "सर, भुताची गोष्ट!" मुंजा, हडळ, खवीस, चकवा ही सारी मंडळी मुलांच्या चांगल्या परिचयाची. घाबरायचे कोठे आणि हसायचे कोठे, तेही त्यांना ठाऊक असते.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक गोष्ट सांगून झाली. घंटा वाजली, मुले पांगली. एक मुलगा मात्र टेबलापाशी रेंगाळत उभा राहिला. चार महिन्यांपूर्वी त्याची आई वारली होती. डस्टर उगाच इकडचे तिकडे करीत त्याने हळूच विचारले, "सर, मेलेलं माणूस खरंच परत येतं का हो?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. "उद्या सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला आठवली ती सातासमुद्रापलीकडची एक अठरा वर्षांची मुलगी.

गोष्ट 1816 सालची. त्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पाऊस खळेना, थंडी हटेना, शेतात पिके कुजली, धान्य महागले. याचे कारण आज आपल्याला ठाऊक आहे. आदल्या वर्षी, 1815 च्या एप्रिलात, आजच्या इंडोनेशियातील सुंबावा बेटावर तांबोरा नावाच्या ज्वालामुखीचा महाभयंकर स्फोट झाला होता. त्याची राख आणि वायू आकाशात फार उंच गेले आणि त्यांनी पृथ्वीवर जणू पडदाच ओढला. पण ज्यांच्या डोक्यावर तो पाऊस कोसळत होता त्यांना यातले काहीच माहीत नव्हते. आभाळ असे का वागते आहे, हे त्यांना कळत नव्हते एवढेच.

स्वित्झर्लंडात जिनिव्हाच्या सरोवराकाठी व्हिला दियोदाती नावाचा एक बंगला आहे. इंग्लंडचा गाजलेला आणि बदनामही झालेला कवी लॉर्ड बायरन त्या वर्षी तेथे उतरला होता. त्याच्यासोबत जॉन पॉलिडोरी हा वीस वर्षांचा तरुण डॉक्टर होता. जवळच दुसऱ्या घरात कवी शेली राहत होता. त्याच्याबरोबर मेरी होती आणि मेरीची सावत्र बहीण क्लेअर. शेली व मेरी यांचे लग्न व्हायचे होते. ते त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाले.

पावसाने ही सारी मंडळी घरात कोंडली गेली. रात्री शेकोटीभोवती बसून ती जर्मन भुताटकीच्या गोष्टींचे एक फ्रेंच भाषांतर वाचीत. एके रात्री बायरनने टूम काढली, की आपण प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहायची. आता हे दोघे तर मोठे कवी. पण मौज अशी की दोघांच्याही हातून गोष्ट पुरी झाली नाही. बायरनने अर्धवट सोडलेल्या धाग्यावरून डॉक्टर पॉलिडोरीने पुढे एक रक्तपिपासू उमराव उभा केला. ती गोष्ट 1819 मध्ये छापली गेली, तीही बायरनच्या नावावर! पुढच्या साऱ्या रक्तपिपासूंचा हा पूर्वज.

मेरीला मात्र काही सुचेना. रोज सकाळी विचारणा होई आणि रोज तिला नकार द्यावा लागे. अशातच एका रात्री बायरन व शेली यांचे बोलणे रंगले. जीव म्हणजे काय, निर्जीवात तो घालता येईल काय, विजेने मेलेल्या बेडकाचे पाय हलतात ते कशाने, असे ते बोलणे. मेरी मुकाट्याने ऐकत होती. अंथरुणावर पडली तरी तिला झोप येईना. मिटल्या डोळ्यांपुढे तिला दिसले, की एक तरुण विद्यार्थी आपणच जुळवून तयार केलेल्या देहापाशी गुडघे टेकून बसला आहे आणि तो देह हलतो आहे. ही हकीकत तिने स्वतःच 1831 च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी जन्मली ती अशी.

पण जे या प्रस्तावनेत नाही, ते तिच्या रोजनिशीत आहे. 1815 च्या फेब्रुवारीत मेरीला दिवस भरण्याआधीच एक मुलगी झाली होती. दोनएक आठवड्यांत ती गेली. मार्चमध्ये मेरीने लिहून ठेवले आहे, की स्वप्नात आपली बाळी पुन्हा जिवंत झाली. ती नुसती गारठली होती, शेकोटीपुढे धरून चोळल्यावर तिच्यात जीव आला. जागी झाल्यावर बाळी नव्हती. आणि खुद्द मेरीची आई? ती मेरीला जन्म देऊन अकराव्या दिवशी वारली होती.

आता सांगा, निर्जीव देहात जीव घालण्याची ही कल्पना काय केवळ बेडकाच्या पायातून आली असेल? मला तसे वाटत नाही.

कादंबरी 1818 च्या जानेवारीत लंडनला निघाली, तीन भागांत, लेखकाच्या नावावाचून. प्रस्तावना शेलीची होती, त्यामुळे सर वॉल्टर स्कॉटसारख्या जाणत्यालाही ती शेलीचीच कृती वाटली. आज लोक त्या राक्षसालाच फ्रँकेन्स्टाइन म्हणतात. वास्तविक ते नाव त्याला घडवणाऱ्या विद्यार्थ्याचे. राक्षसाला मेरीने नावच दिलेले नाही. नाव ठेवायला कोणीतरी आपले असावे लागते!

भीती निर्माण करण्याची मेरीची हातोटी पाहण्याजोगी आहे. देहात प्राण कसा घातला याची कृती ती सांगतच नाही. ना यंत्रांची वर्णने, ना विजांचा कडकडाट; ते सारे पुढे नाटक-सिनेमावाल्यांनी घातले. तिच्याकडे फक्त नोव्हेंबरातली रात्र, बाहेर पाऊस आणि विझत आलेली मेणबत्ती. तो देह डोळे उघडतो आणि ज्याने त्याला घडवले तोच घाबरून पळून जातो. खरी भीती येथून सुरू होते. पुढे तो राक्षस स्वतः बोलू लागतो, आपली कर्मकहाणी सांगतो. मला जन्माला घातलेस आणि टाकून का दिलेस, एवढेच त्याचे विचारणे. वाचक त्याला भितो आणि त्याच वेळी त्याच्यासाठी हळहळतोही. गोष्ट दोनशे वर्षे टिकली ती या हळहळीवर.

त्या राक्षसाच्या हातून पहिला बळी जातो तो विल्यम नावाच्या लहानग्याचा. मेरीच्या तान्ह्या मुलाचे नावही विल्यमच होते. गोष्ट लिहिली तेव्हा तो तिच्यापाशी खेळत होता. 1819 मध्ये, तीन वर्षांचा असताना, तो रोममध्ये तापाने गेला. ज्या गोष्टीची आईला सर्वांत धास्ती, तीच तिने आधी कागदावर उतरवली होती. लिहून धास्ती टळत नाही. पण निदान तिच्याकडे डोळे उघडून पाहता येते.

कोणी म्हणेल, ऐन दिवाळीत हा कसला विषय? पण दिवाळीची लक्ष्मीपूजनाची रात्र म्हणजे अमावास्याच की! अंधार असतो म्हणून तर आपण पणत्या लावतो. आपल्याकडे नारायण धारपांच्या भयकथांनी किती घरांतून रात्री जागवल्या! पांघरुणात पाय गुरफटून, शेजारी भावंडे आहेत ना याची खात्री करून, त्या वाचल्या जात. भीतीची गोष्ट माणसाला माणसाजवळ सरकवते. एरवी जे बोलायला जीभ रेटत नाही, ते भुताच्या तोंडून बोलता येते.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा वाट पाहत उभाच होता. मी त्याला म्हटले, "नाही रे बाळा, मेलेलं माणूस परत येत नाही. पण ते यावं असं फार वाटतं ना, म्हणून माणसं गोष्टी सांगतात."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग दप्तर खांद्याला लावीत म्हणाला, "सर, मग आजही सांगा. पण त्यातलं भूत चांगलं असू दे."