मुक्या जनावराची साक्ष

जनावराला वाचा नाही. त्याने वैरण टाकली, कान पाडले, की शेतकरी आजार ओळखतो. पण तोवर पुष्कळदा वेळ निघून गेलेली असते. बुळकांडीने तर एकेकाळी गोठेच्या गोठे ओस पाडले. जनावरांच्या अशा रोगांचा छडा लावण्यासाठी १८८९ साली पुण्यास प्रयोगशाळा निघाली. रोगबीज वस्तीपासून दूर असावे म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वरास नेण्यात आली.

रक्त गोठल्यावर जो पिवळसर रस उरतो, तोच तेथे औषध ठरला. बुळकांडीतून तरलेल्या जनावराच्या रसातील प्रथिने दुसऱ्या जनावराचे काही काळ रक्षण करीत. टिकाऊ संरक्षण मात्र १९२७ नंतर, बकऱ्यांत सौम्य केलेल्या विषाणूच्या लशीने मिळू लागले.

पुढे हाच रस साक्षीदार झाला. १९९५ नंतर भारतात बुळकांडी दिसली नाही. पण न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. म्हणून टोचणी थांबवून हजारो जनावरांचे रक्त तपासले गेले. न टोचलेल्या जनावरात रोगाशी झुंजणारी प्रथिने आढळली असती, तर रोग कोठेतरी दडला आहे असे ठरले असते. २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये सारे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले.

रक्ताची साक्ष एवढ्यावर संपत नाही. हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन निरोगी गाईच्या रक्तात जवळजवळ नसते. कासेचा किंवा गर्भाशयाचा तीव्र दाह होताच ते शंभरपटीहूनही अधिक वाढू शकते. दाह नेमका कोठे, हे मात्र ते सांगत नाही. त्यासाठी जनावराच्या अंगावरून फिरणारा जाणता हात अजूनही लागतोच.